बर्फी, पेपर आणि फूटपट्टी

हा लेख गेलं वर्षभर लिहीन लिहीन म्हणते आहे. दर वेळी दोन ओळी झाल्या की कुकरची आठवण होते आणि मी उठते! आज मात्र पूर्ण करायचाच असं ठरवून बसले आहे. यात माझी थोडी शोभा होणार आहे. पण चौऱ्याहत्तराव्या वर्षी शोभेला काय घाबरायचं?

आमच्याकडे सकाळी सातला नागपूरचा पेपर येतो. चहा घेत घेत तो वाचायचा ही माझी अनेक वर्षांची सवय. २०२३ च्या डिसेंबरातली गोष्ट. मी पेपर उचलला, घडी मोडायला म्हणून झटकला, आणि पायाशी बसलेली बर्फी किंचाळत दिवाणाखाली पळाली. वाकून बघितलं तर कोपऱ्यात अंग चोरून बसली होती आणि खाली शूचं थारोळं. मी तिला काही म्हणजे काही बोलले नव्हते. मला फक्त राशिभविष्य बघायचं होतं.

बर्फी म्हणजे आमची कुत्री. आमची म्हणजे खरं तर माझ्या नातीची. मुलगा आणि सूनबाई पुण्याला. दिवाळीनंतर मुलाची बदली परदेशात झाली, आणि "आई, चार-सहा महिन्यांचा प्रश्न आहे, तुलाही सोबत होईल" असं म्हणत आठ महिन्यांची बर्फी, तिची गादी, दोन चेंडू आणि खाण्याची एक भलीमोठी पिशवी मुलाने नाचणगावात आणून सोडली. हे जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. घर मोठं आणि माणूस एक. मी हो म्हटलं.

गावात सगळे तिला पॉमेरियन म्हणतात. मीही म्हणायचे. भाचीने सांगितलं, मावशी, आपल्याकडे पॉमेरियन म्हणून जी कुत्री असतात ती बहुतेक इंडियन स्पिट्झ. १९९४ च्या ‘हम आपके हैं कौन’मधला टफी आठवतो ना? तोही स्पिट्झच. तेव्हापासून मी गल्लीतल्या बायकांना "टफीच्या जातीची" असं सांगते, लगेच कळतं. (क्रिकेटच्या सामन्यात अंपायर झालेला टफी कोण विसरेल!)

तर ही टफीच्या जातीची बाई माझ्या घरात जिथे मन मानेल तिथे शू करायची. देव्हाऱ्यासमोर, गव्हाच्या कोठीपाशी, एकदा तर माझ्या चपलेत. चपला चावायची. फाटकाबाहेरून कुणी गेलं की इतकी भुंकायची की पलीकडच्या आजी म्हणाल्या, "बाई, तुमच्या कुत्रीपायी मले दुपारी डोळा लागत नाही."

आमचे शेजारचे भाऊजी पुलगावच्या दारूगोळा भांडारातून निवृत्त झालेले. नाचणगाव आणि पुलगाव तसे जोडलेलेच. इथल्या अनेक घरांत कुणी ना कुणी डेपोत नोकरीला असायचं. मिलिटरीची शिस्त जवळून बघितलेला माणूस, त्यामुळे शिस्तीच्या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा. ते म्हणाले, "कुत्र्याले मालक कोन हाये ते दाखवाच लागते बाई. नाही तं डोक्यावर बसते. पेपरची सुरळी करा, एक ठेवून द्या. लागत नाही, आवाज होते फक्त. अन् जिथं मुतली तिथं नाक घासा."

मला हे पटलं, इतकं सहज पटलं की आता आठवून लाज वाटते. चौतीस वर्षं मी माध्यमिक शाळेत मराठी शिकवलं. माझ्या टेबलावर एक लाकडी फूटपट्टी असायची. तिच्यावर आकडे होते, पण मापायला ती क्वचितच वापरली असेल. पेपरची सुरळी हातात घेतल्यावर मला काही नवीन शिकावं लागलं नाही. मनगटाला सवय होती.

दहा-बारा दिवस हा प्रयोग चालला. बर्फी काय शिकली ते सांगते. ती हे शिकली की बाईंच्या समोर शू करायची नाही. मग ती दिवाणाखाली, कपाटामागे, पडद्याच्या आड करू लागली. अंगणात नेली तरी माझ्यासमोर करेना. घरात आली की गुपचूप कोपरा गाठायची. तिचं तर्कशास्त्र बिनचूक होतं. मी तिला ‘घरात शू करू नये’ हे शिकवलंच नव्हतं, ‘माझ्यादेखत करू नये’ एवढंच शिकवलं होतं.

आणि पेपर झटकण्याच्या त्या प्रसंगानंतर दोन दिवसांनी ती मला चावली. दिवाणाखाली माझी चप्पल घेऊन बसली होती, मी एका हाताने तिचा पट्टा धरून ओढलं, दुसऱ्या हातात सुरळी होती. तिने आधी गुरगुरून सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. मनगटावर दोन दात उमटले. ग्रामीण रुग्णालयात जाऊन चार वेळा इंजेक्शनं घ्यावी लागली. कुत्रीला लस दिलेली होती, तरी डॉक्टर म्हणाले धोका पत्करायचा नाही, आणि तुम्हालाही तेच सांगते: घरचं कुत्रं असलं तरी चावल्यावर साबणाने दहा-पंधरा मिनिटं जखम धुवायची आणि दवाखाना गाठायचा. हळद-मिरची भरत बसायचं नाही.

मुलाला फोनवर सांगितलं. तो गप्प झाला. मग म्हणाला, "आई, तुझ्यापेक्षा कुत्री मोठी नाही. तिला कुणाला तरी देऊन टाकू. नातीला मी समजावतो." मागे नातीचा रडण्याचा आवाज येत होता. मी म्हटलं, महिनाभर थांब.

हा महिना मी मागून का घेतला हे मला तेव्हा कळलं नव्हतं. कुत्रीचा लळा लागला होता म्हणावं तर तसंही नव्हतं, ती तर मला बघून लपत होती.

आता पर्याय शोधायला लागले. वर्ध्याहून एक मुलगा कुत्री शिकवायला येतो असं कळलं. आला बिचारा, नम्र होता. त्याच्या पिशवीत एक साखळी होती. ओढली की गळ्याभोवती आवळते, सोडली की सैल होते. "दोन झटके दिले की लाइनीवर येते आजी," म्हणाला. बर्फीचं वजन आठ किलोही नव्हतं. मी त्याला चहा दिला आणि म्हटलं, विचारून सांगते.

विचारलं आमच्या गुरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना. गाई-म्हशींत रमणारा माणूस, पण ही साखळीची गोष्ट ऐकून त्यांनी हातातलं काम ठेवलं. म्हणाले, या लहान जातींची श्वासनलिका मुळात नाजूक असते, वय वाढलं की काहींची ती चपटी होत जाते, बदकासारखा खोकला लागतो; अशा गळ्याला झटके द्यायचे नसतात. पट्टा गळ्यात नकोच, छातीवरून येणारा घाला. ‘हार्नेस’ म्हणतात त्याला, पुलगावात मिळाला नाही, मुलाने ऑनलाइन मागवून दिला.

मग भाचीला फोन. ती पुण्याला रस्त्यावरची जखमी कुत्री घरी आणून बरी करते आणि त्यांना घरं शोधून देते. (आमच्या ताईला हे अजिबात आवडत नाही, पण तो वेगळा लेख होईल.) मी सगळं सांगितलं, सुरळीसकट. ती मला रागावली नाही. तिने विचारलं, "मावशी, ती अंगणात शू करते तेव्हा तू काय करतेस?"

मी म्हटलं, काही नाही. तिथे करायचीच असते ना.

"मग तिला कसं कळणार तिथे करायची असते ते?"

मंडळी, मी बी.ए., बी.एड. पाठाचं टाचण काढताना ‘विद्यार्थ्यांना प्रोत्साहन’ असा एक रकाना भरलेली बाई. माझ्याकडे उत्तर नव्हतं. चुकल्यावर मी हजर, बरोबर केल्यावर मी गैरहजर. असं चौतीस वर्षं चाललं होतं बहुतेक.

भाचीची पद्धत साधी होती. उठल्याबरोबर, खाल्ल्यावर, खेळून झाल्यावर अंगणात न्यायचं. केली शू की तिथल्या तिथे, घरात आल्यावर नाही, तिथल्या तिथे शाबासकी आणि खाऊ. घरात झाली तर ओरडायचं नाही, पुसून टाकायचं. आणि व्हिनेगरच्या पाण्याने पुसायचं, कारण जुना वास राहिला की ती जागा तिला न्हाणीघरच वाटते. चप्पल घेतली तर ओढाओढ करायची नाही, बदल्यात दुसरं काही द्यायचं. आणि चपला वर ठेवायच्या! (ही शेवटची सूचना कुत्रीसाठी नसून माझ्यासाठी होती.)

सगळ्यात महत्त्वाची म्हणजे वेळ. जे आवडलं ते झाल्यापासून एक-दोन सेकंदांत तिला कळलं पाहिजे. त्याहून उशीर झाला की तोवर ती दुसरं काही करत असते आणि बक्षीस त्याला मिळतं. म्हणून परदेशात ‘क्लिकर’ नावाची डबी वापरतात, बोटाने दाबली की टिक् वाजते. टिक् म्हणजे ‘हे बरोबर, खाऊ येतोय’. ही कल्पना लोकप्रिय केली ती कॅरन प्रायर या बाईंनी. त्या १९६० च्या दशकात हवाई बेटांवर डॉल्फिन शिकवायच्या. डॉल्फिनला पट्टा बांधता येत नाही, मारता येत नाही. रुसला तर तो पोहत लांब निघून जातो. मग शिट्टी आणि मासा हाच मार्ग उरतो. १९८४ मध्ये त्यांनी यावर पुस्तक लिहिलं. मला हे फार आवडलं. ज्याला पळून जायची सोय आहे त्याला शिकवून दाखवा! आमच्या वर्गाला तर कडी होती.

डबी मी मागवली नाही. कारण ‘टिक्’ ऐकल्याबरोबर मला आमचे बाबा आठवले. आमची शेती होती, कपाशी आणि तूर, आणि बाबा बैलांशी जिभेने बोलायचे. टाळूला जीभ लावून ‘चक्’. तुतारी हातात असायची, टोकाला खिळा असलेली, पण आमच्या बैलांच्या पुठ्ठ्यावर तिचे वण नव्हते. शेजारच्या शेतातल्या बैलांच्या असत. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांच्या खांद्याला तूप-हळद लावून शेकायचं काम आम्हा मुलांकडे असे, तेव्हा बैलाचं कातडं किती थरथरतं, माशी बसली तरी कसं हलतं ते हाताला कळायचं. ज्याला माशी बसलेली कळते त्याला खिळा कशाला, असं बाबा म्हणायचे. त्यांची मुलगी पुढे शिकली आणि फूटपट्टी घेऊन वर्गात गेली.

असो. मी जिभेने ‘चक्’ करू लागले. पहिले दोन दिवस काहीच शिकवायचं नव्हतं. नुसतं चक्, की पनीरचा तुकडा. तुकडा किती, तर तुरीच्या दाण्याएवढा. नाही तर शिकेपर्यंत कुत्री गोल होते. कधी उकडलेलं अंडं, कधी गाजर. (मनुका, द्राक्षं, कांदा, चॉकलेट कुत्र्याला विष आहे. आमच्याकडे येणाऱ्या पाहुण्यांनो, प्रेमाने मनुका देऊ नका!) दोन दिवसांनी चक् म्हटलं की मान वळायला लागली. मग ‘बस’. तुकडा नाकासमोरून डोक्यावर नेला की मान वर जाते, मागचा भाग आपोआप खाली टेकतो. टेकला की चक्. हात लावावा लागत नाही. नातीने तिला ‘सिट’ शिकवायचा प्रयत्न केला होता, तो मी सोडून दिला. आमच्या घरात मराठी माध्यम! फक्त एक अडचण झाली. ‘बस’ हा शब्द आपण किती वापरतो ते तेव्हा कळलं. कुणी "बस झालं आता" म्हणालं की बर्फी बसते. "आर्वीची बस गेली का?" म्हटलं तरी बसते आणि पनीर मागते.

भाऊजी फाटकावरून बघायचे. "बाई, ही तं लाच झाली. पनीर नसलं की आयकन का?" प्रश्न खरा होता आणि मी बरेच दिवस त्यावर विचार केला. शेवटी त्यांना म्हटलं, भाऊजी, तुम्ही डेपोत तीस वर्षं गेलात ते पगार मिळत होता म्हणून. ती लाच होती का? ते हसले. पण मला वाटतं उत्तर तेवढंच नाही. लाच आधी दाखवतात, मजुरी काम झाल्यावर देतात. पुढे पुढे पनीर रोज मिळत नाही, कधी मिळतं, कधी नुसती पाठ थोपटली जाते, कधी फाटक उघडतं. आता बर्फी दहापैकी सात वेळा पनीरविना ऐकते. उरलेल्या तीन वेळा ऐकत नाही, आणि ती तीन वेळा माझं नातवंडंही ऐकत नाही.

‘मालक कोण ते दाखवणं’ या गोष्टीचा उगमही भाचीने शोधून दिला. १९४७ साली रुडॉल्फ शेंकेल नावाच्या संशोधकाने बंदिस्त लांडग्यांवर निबंध लिहिला. अनोळखी लांडगे एका कुंपणात, साहजिकच मारामाऱ्या, आणि जिंकणारा म्हातब्बर. १९७० मध्ये डेव्हिड मेक यांच्या पुस्तकाने ही कल्पना जगभर नेली आणि लोकांनी ती लांडग्यांवरून कुत्र्यांवर आणली. पण मेक पुढे मोकळ्या रानात लांडगे बघत राहिले. रानातला कळप म्हणजे बहुतेक वेळा एक आई, एक बाप आणि त्यांची पोरं. सत्तेसाठी भांडण नाही, घर आहे. १९९९ मध्ये त्यांनी स्वतःच हे लिहिलं आणि जुनं पुस्तक छापू नका असं प्रकाशकालाही सांगत राहिले. आपलं सगळ्यात गाजलेलं वाक्य चुकलं हे स्वतःहून सांगणारा माणूस! आमच्या स्टाफरूममध्ये असा एक जरी असता... मी धरून.

पोर्तुगालमधल्या एका अभ्यासाबद्दलही ऐकलं. २०२० चा आहे. बक्षिसाने शिकवणाऱ्या आणि धाकाने शिकवणाऱ्या शाळांतली मिळून ९२ कुत्री घेतली. धाकाच्या शाळांतल्या कुत्र्यांच्या लाळेत शिकवणीनंतर ताणाचं रसायन जास्त चढलेलं होतं. पण मला लक्षात राहिली ती वाटीची परीक्षा. खोलीत एका बाजूला ठेवलेल्या वाटीत नेहमी खाऊ, दुसऱ्या बाजूच्या वाटीत कधीच नाही. कुत्र्याला हे कळलं की वाटी मधोमध ठेवायची. आता आत काही असेल का? बक्षिसाच्या शाळेतली कुत्री आशेने लगबगीने जायची. जास्त धाकाच्या शाळेतली हळू हळू. म्हणजे ती घरी आल्यावर, कुणी मारत नसतानाही, जगाकडून फारसं चांगलं अपेक्षित धरत नव्हती.

हे ऐकल्यावर मी त्या रात्री बराच वेळ जागी होते. वर्गातली मागच्या बाकावरची काही मुलं डोळ्यांसमोर येत राहिली. प्रश्न विचारला की उत्तर येत असूनही हळू हळू उठणारी.

आणि गंमत बघा, हे सगळं मला कुठे राहून कळलं? वर्धा जिल्ह्यात! १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्यालाच गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि नयी तालीम तिथून निघाली. सेवाग्रामला आशादेवी आणि आर्यनायकम यांनी ती चालवली: हाताला काम, भीतीविना शाळा. आमच्या शाळेतल्या शिक्षकांची एकदा सेवाग्रामला सहल गेली होती. बापूकुटी बघितली, प्रार्थनेला बसलो, मला खरोखर भरून आलं होतं. तो शनिवार होता. सोमवारी मी शुद्धलेखनाच्या वह्या तपासल्या आणि चुकीला एक पट्टी या दराने हिशेब केला. दोन्ही गोष्टी एकाच बाईने केल्या आणि तिला त्यात काही विसंगत वाटलं नाही.

मी निवृत्त झाले २००९ साली. शाळेतल्या मुलांना मारायला देशभर मनाई करणारं शिक्षण हक्क कायद्याचं सतरावं कलम लागू झालं १ एप्रिल २०१० ला. म्हणजे कायद्याच्या कचाट्यातून सुटले म्हणायची. प्राण्यांना मारहाण करण्याविरुद्धचा कायदा मात्र १९६० चा आहे! त्यात पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये, हेही खरं. पण क्रम बघितलात ना?

महिन्याची मुदत संपली तेव्हा बर्फी पूर्ण शिकली नव्हती. घरात आठवड्यातून एक-दोनदा व्हायचीच. पण पेपर आला की ती पळत नव्हती. त्यासाठी वेगळा अभ्यास करावा लागला. पेपर लांब जमिनीवर ठेवायचा, चक्, पनीर. थोडा जवळ. हातात. उघडायचा, अगदी हळू. झटकायचा नाही. एखादं पान आवाज करून उलटलं की ती पुन्हा दाराशी, आणि पुन्हा पहिल्यापासून. दहा दिवसांत जे घातलं ते काढायला चार महिने लागले. राशिभविष्य मी तेवढे दिवस रेडिओवर ऐकलं. फटाक्यांना मात्र ती अजून घाबरते, त्याला माझा इलाज नाही. ३१ मे २०१६ ला मध्यरात्रीनंतर डेपोत स्फोट झाले तेव्हा आमची तावदानं वाजली होती, मी स्वतः घाबरून अंगणात आले होते. तिला मी काय सांगणार?

आणि उन्हाळा! विदर्भातला मे, पारा पंचेचाळीसच्या पुढे आणि हिच्या अंगावर बर्फाळ देशाचं कातडं. शिकवणी पहाटे साडेपाचला. डांबरी रस्त्यावर आधी आपला तळहात उलटा ठेवून बघायचा. पाच-सात सेकंद ठेववत नसेल तर तिचे पायही भाजतात. सगळं गाव झोपलेलं आणि एक म्हातारी रस्त्यावर हात टेकून बसलेली... लोकांनी काय काय म्हटलं असेल.

मुलगा सहा महिन्यांनी आला. बर्फीला न्यायचा विषय त्याने काढला नाही आणि मीही काढला नाही.

आता मुख्य गोष्ट, जिच्यासाठी हा लेख वर्षभर अडला होता.

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडाशी बोअरची मोटर बिघडली. दुरुस्तीला जो आला तो माझाच विद्यार्थी, आता पंचेचाळिशीचा, डोक्यावर विरळ केस. गावात मला सगळे अजून ‘बाई’च म्हणतात, तोही म्हणाला. मोटर उघडून बसला होता. मी ओट्यावर बर्फीला ‘थांब’ शिकवत होते. थांब, दोन पावलं मागे, चक्, पनीर. थांब, तीन पावलं मागे. ती उठली तर काही नाही, पुन्हा पहिल्यापासून. तो हात पुसत बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला,

"बाई, आमच्या टायमाले पनीर नव्हतं वाटते."

हसत म्हणाला. मीही हसले. मग मला हसता येईना. मी विचारलं, तुला मी मारलं होतं का रे?

"पाच पट्ट्या. ‘परीक्षा’तली री पयली लिवली होती. पाच डाव लिवली म्हनून पाच." तो पान्ह्याकडे बघत बोलत होता. "आता नाही चुकत. बिल लिवतो तवा बी ध्यान असते."

म्हणजे माझी पद्धत यशस्वीच झाली म्हणायची! मी विचारलं, फार लागलं होतं?

"हाताले नाही वो बाई. पोरी हासल्या ना."

आठवीनंतर तो शाळेत आला नव्हता. मला ते आठवत होतं. पट गळायचाच तेव्हा, दर वर्षी आठ-दहा नावं लाल शाईने कापायचो आम्ही. मी धीर करून विचारलं, माझ्यामुळे सोडलीस का शाळा?

त्याने लगेच उत्तर दिलं नाही. "बाप बिमार होता. कापूस येचाले जा लागे." मग थोडं थांबून, "पन जीव बी नव्हता शाळेत. घरून कोनी म्हनलं का आज नको जाऊ, तं बरं वाटे."

तो ‘नाही बाई, तुमच्यामुळे नाही’ असं म्हणाला असता तर बरं झालं असतं. त्याने ते म्हटलं नाही. ‘तुमच्यामुळेच’ असंही म्हटलं नाही. मी म्हटलं, चुकलं रे माझं. हे तीन शब्द माझ्या तोंडून कुठल्याही विद्यार्थ्यासमोर पहिल्यांदा निघाले. तो इतका अवघडला की मला वाटलं मोटर तशीच टाकून पळतो. "जाऊ द्या ना बाई, तुमी बी का," म्हणत पाणी मागितलं. मी पाणी आणि चिवडा आणला. येऊन बघते तर बशीतला पनीरचा तुकडा त्याच्या हातात, आणि बर्फी त्याच्यासमोर.

"हिले का म्हनू?"

"बस म्हण. एकदाच म्हण. आणि थांब."

तो म्हणाला. ती बसली. त्याने तुकडा द्यायला उशीर केला, मी चक् केलं, मग दिला.

जाताना फाटकात उभा राहिला. "बाई, माही पोरगी सातवीत हाये. मराठी नाही जमत तिले. शुद्धलेखनाची वही लपवते. संध्याकाळी धाडू का तुमच्याकडं?"

मी म्हटलं, धाड. मग तो तिथेच उभा, काहीतरी बोलायचं राहिलं असल्यासारखा. मलाच कळलं. आत जाऊन मी कपाटातली ती लाकडी फूटपट्टी आणून त्याला दाखवली आणि सांगितलं, हिने मी आता पडद्यांची मापं घेते. त्याने ती हातात घेतली, उलटसुलट केली. "लहान वाटते आता," म्हणाला आणि परत दिली.

पोरगी मंगळवारी आणि शुक्रवारी येते. पहिला अर्धा तास बर्फीत जातो, कारण बर्फीला ‘सोड’ शिकवायचं काम आता तिच्याकडे आहे. वही अजून पूर्ण दाखवत नाही, एक पान उघडते आणि पुढच्या पानांवर तळहात ठेवते. मी हात उचलायला सांगत नाही. गेल्या शुक्रवारी तो हात थोडा बाजूला होता, ‘परिक्षा’ दिसली, पहिली रि. त्याच ओळीत ‘दीर्घ’ बरोबर लिहिलेलं होतं, मी त्याच्याखाली रेघ मारली.

उद्या मंगळवार. पनीर संपलं आहे, पुलगावला जाऊन आणायला हवं. भाऊजी जाणारच आहेत, त्यांनाच सांगते. परवा ते फाटकाशी बर्फीला बोलावताना जिभेने चक् करत होते, मी बघितलं नाही असं दाखवलं.